मूरिश कंदिलांची गृहसजावट स्पर्धा: आधी सावली ठरवा, मग पितळ आणा

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी बारा इंची पितळी कंदील टांगला, घरात पडून असलेला नऊ वॅटचा दुधी एलईडी बल्ब त्यात लावला आणि परीक्षकांची वाट बघत उभी राहिले. कंदील झकास दिसत होता. छिद्रं चमकत होती, जाणारे-येणारे मोबाईल काढत होते. फक्त भिंत कोरी होती. एका परीक्षकांनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "नक्षी कुठंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुण किती मिळाले ते सांगत नाही.

पुढच्या वर्षी मी काम उलट्या टोकानं सुरू केलं. कंदील शेवटी, भिंत आधी. मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात अशी स्पर्धा लागली, किंवा स्पर्धा नसली तरी घरात एक कोपरा असा सजवायचा असला, तर हा क्रम उपयोगी पडेल. हाताशी किमान आठ आठवडे ठेवा. दिवाळी किंवा लग्नसराई मध्ये येत असेल तर दहा.

नियमपत्रिका दोनदा वाचा

"पारंपरिक, हाताने घडवलेले, मूरिश धाटणीचे दिवे" या ओळीत तीन अटी आहेत आणि बहुतेक जण तिसरीवरच घसरतात. उत्तर आफ्रिकेतल्या आणि स्पेनमधल्या मुसलमानांना युरोपीय लोक 'मूर' म्हणायचे. मूरिश म्हणजे त्या पश्चिमेकडच्या प्रदेशाची शैली: स्पेनमधल्या कोर्दोबाची मशीद, ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडा, मोरोक्कोतली फेस आणि मराकेश ही शहरं. स्पेनमधली शेवटची मुस्लिम राजवट १४९२ मध्ये ग्रानादात संपली, कारागिरी मात्र दोन्ही किनाऱ्यांवर चालू राहिली. मराकेशमध्ये कंदीलवाल्या पत्रेकारांचा चौक आजही आहे, फेसमधल्या सफ्फारीन चौकात तांब्या-पितळेची ठोकाठोक ऐकू येते आणि ग्रानादात रंगीत काचांचे टोकदार कंदील बनतात. अल्हाम्ब्राच्या मशिदीसाठी १३०५ मध्ये केलेला, जाळीकाम असलेला कांस्याचा दिवा माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याचे फोटो शोधून बघा. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसानं धातूत उजेडासाठी किती जागा सोडली आणि किती अडवली, ते त्यात दिसतं.

आपल्याकडे लोक काय करतात? मुघल कमान काढतात, शेजारी सुरूचं झाड, वर मोरोक्कोचा कंदील, आणि सगळ्याला मिळून 'इस्लामिक लुक'. मुघल आणि दख्खनी कमान वर टोकदार असते. मूरिश कमान घोड्याच्या नालेसारखी, खाली आत वळलेली. दोन्ही सुंदर आहेत. पण एका भिंतीवर दोन्ही आल्या की जाणकार परीक्षक पहिल्या मिनिटात वही मिटतो.

'हाताने घडवलेले' याचा पुरावा मागतात. आपल्या बाजारात मोरोक्कन म्हणून मिळणारे पुष्कळ कंदील मुरादाबादचे असतात, आणि त्यातले काही खरंच हाताचे असतात. तेव्हा मुरादाबादचा असेल तर माहितीपत्रकावर मुरादाबादचा असंच लिहा, त्यानं कुणाचे गुण जात नाहीत. लेझरनं कापलेला असेल तर मात्र तो पकडला जातो. छिद्रांवरून बोट फिरवा: छिन्नीनं पाडलेल्या छिद्राची एक बाजू आत दबलेली आणि दुसऱ्या बाजूला बारीक कोर उभी असते, दोन छिद्रांमधलं अंतरही केसभर इकडेतिकडे होतं. लेझरची छिद्रं शाळेच्या हजेरीपटासारखी एका रांगेत.

एक दुपार मकबऱ्यात

अल्हाम्ब्राला जाणं जमेल तेव्हा जमेल. जाळीतून उजेड कसा वागतो ते शिकायला संभाजीनगरचा बीबी का मकबरा पुरेसा आहे. १६६० च्या सुमाराची ही वास्तू औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिच्या स्मरणार्थ बांधलेली आहे. मुख्य दरवाजावर नक्षीचा पितळी पत्रा मढवलेला आहे आणि त्यावर अताउल्ला आणि हंसपत राय ही बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. मी विद्यार्थ्यांना आधी त्या पत्र्यापुढे उभं करते. कारागिराचं नाव कामावर घालण्याची रीत आपल्या गावात साडेतीनशे वर्षांपूर्वी होती, मग तुमच्या माहितीपत्रकात का नाही?

मग आत जा. कबर खालच्या पातळीवर आहे आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी पडदा आहे. जाळीच्या छिद्रांतून आत आलेल्या उन्हाचे तुकडे जवळच्या जमिनीवर बघा: कडा स्पष्ट. लांबच्या जमिनीवर बघा: कडा विरघळलेल्या. जाळी तीच, सूर्य तोच. फक्त अंतर वाढलं. वहीत हे अंतर पावलांत मोजून लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या कामाचं गणित यातच आहे.

मकबरा मूरिश नाही, हे मात्र विसरू नका. तिथून उजेडाचा धडा घ्यायचा, नक्षी नाही.

जागा कुठली घ्यायची

स्पर्धेत बहुधा दहा बाय दहाचा गाळा मिळतो, नाहीतर खऱ्या घरातली एक खोली सजवायची असते. पूर्ण दिवाणखाना अंगावर घेऊ नका. जाळीचा कंदील खोली उजळत नाही, तो एक कोपरा जागा करतो. मला सगळ्यात आवडते ती प्रवेशाची बोळ, जिन्याचं वळण किंवा जेवणाच्या टेबलामागची भिंत, म्हणजे जिथं कंदिलापासून तीन-चार फुटांवर एक मोठी रिकामी भिंत आहे.

आपल्या जुन्या वाड्यांना आणि माळवदाच्या घरांना यात एक आयती सोय आहे: देवळी. भिंतीतल्या त्या कोनाड्यात पूर्वी चिमणी किंवा पणती असायची, वर काजळीचा काळा पट्टा उमटलेला असायचा. तिथं वीतभर उंचीचा छिद्रांचा कंदील ठेवला तर देवळीच्या तिन्ही बाजूंवर नक्षी पडते, अंतर कमी असल्यानं ती कडक येते, आणि ती कल्पना उसनी वाटत नाही. अंबाजोगाईला आमच्या घरी ओसरीत लामणदिव्याची साखळी अजून आहे. टांगत्या दिव्याखाली बसायची आपल्याला सवय आहेच, फक्त दिव्याचा घाट बदलतोय.

आता पंखा. परदेशी मासिकांतल्या फोटोंत पंखा नसतो, त्यामुळे कुणी सांगत नाही. कंदील पंख्याच्या पात्यांच्या वर किंवा बरोबरीनं टांगला तर फिरती पाती उजेड कापतात आणि भिंतीवरची नक्षी फडफडायला लागते. दोन मिनिटांत डोकं दुखतं. एप्रिलमध्ये पंखा बंद करा असं मराठवाड्यात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून कंदील पात्यांच्या पातळीच्या खाली आणि पंख्यापासून बाजूला घ्या. वाऱ्यानं झुलू नये म्हणून साखळीऐवजी सरळ दांडी वापरा. येण्याजाण्याच्या वाटेवर कंदिलाचं बूड जमिनीपासून सात फुटांच्या खाली नको.

पुठ्ठ्याची चाचणी

एवढी एकच पायरी मनापासून केलीत तरी बाकीच्या चुका निस्तरता येतील.

काळा जाड कार्डशीट आणा. त्याची नळी करून पुरेल इतका तुकडा कापा, त्यावर नक्षी काढा, दाभणानं आणि कटरनं छिद्रं पाडा, नळी करून चिकटवा. रात्री खोलीतला सगळा उजेड बंद करा आणि नळीच्या मधोमध मोबाईलचा टॉर्च धरा. मोबाईलचा टॉर्च इवलासा असतो म्हणून भिंतीवर नक्षी टिपून काढल्यासारखी उमटेल. मग त्याच नळीत दुधी बल्ब लावून बघा. नक्षी गायब. माझी पहिली स्पर्धा तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहील.

कारण साधं आहे. नक्षीच्या कडेचा धूसरपणा काढायला उजेडाच्या ठिपक्याची रुंदी घ्या आणि तिला एका गुणोत्तरानं गुणा: कंदिलाच्या पत्र्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर भागिले दिव्यापासून पत्र्यापर्यंतचं अंतर. समजा दिवा मधोमध आहे, पत्रा त्याच्यापासून १५ सेंटिमीटरवर आणि भिंत पत्र्यापासून ९० सेंटिमीटरवर. गुणोत्तर ६. उजेडाचा ठिपका २ मिलिमीटरचा असेल तर धूसर कड १२ मिलिमीटरची. दुधी बल्ब ६० मिलिमीटरचा असेल तर ३६० मिलिमीटर, म्हणजे फूटभराहून जास्त. याच मापात ४ मिलिमीटरचं छिद्र भिंतीवर सातपट, २८ मिलिमीटरचं होऊन पडतं आणि एक सेंटिमीटरवर असलेली दोन छिद्रं सात सेंटिमीटरवर जातात. सात सेंटिमीटरच्या अंतरात छत्तीस सेंटिमीटरचा धूसरपणा घुसला की उरणार काय?

तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. उजेडाचा ठिपका लहान करा, भिंत जवळ आणा, किंवा कंदील मोठा घ्या. पहिली सगळ्यात स्वस्त. १२ व्होल्टवर चालणारा, दोन पिनांचा छोटा हॅलोजन मिळाला तर त्याच्या आतली पेटणारी तार इतकी आखूड असते की नक्षी चारी बाजूंना कडक येते. तो तापतो, हे लक्षात ठेवा. थंड पर्याय म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला एक किंवा तीन वॅटचा एकच चिपवाला एलईडी. तो फक्त समोरच्या बाजूला उजेड फेकतो, म्हणून तो वर तोंड करून लावला तर छतावर चांदणं पडतं आणि भिंतीचा खालचा भाग अंधारात राहतो. छत स्वच्छ आणि पांढरं असेल तर हा परिणाम फार देखणा होतो. आत चार-चार पिवळ्या काड्या दिसणारे फॅन्सी फिलामेंट एलईडी घेऊ नका. प्रत्येक काडी स्वतःची वेगळी सावली पाडते आणि नक्षी चौपट छापल्यासारखी दिसते.

रंग २२०० ते २७०० केल्व्हिनमधला, तेलाच्या दिव्याच्या जवळ जाणारा. पांढऱ्या उजेडात पितळ आजारी दिसतं.

पुठ्ठ्याचे किमान चार नमुने करा. प्रत्येकाचा भिंतीवरचा फोटो काढा आणि फोटोच्या मागे छिद्राचं माप, भिंतीचं अंतर आणि दिव्याचा प्रकार लिहा. या फोटोंची रांग पुढे सादरीकरणाच्या फलकावर लावायची आहे.

आखणी: व्यास विसरा, घेर धरा

मूरिश नक्षीचा सगळ्यात ओळखीचा घटक आठ टोकांचा तारा. वर्तुळ काढा, त्याचे आठ समान भाग करा, एक सोडून एक बिंदू जोडत गेलात की दोन चौरस एकमेकांवर तिरपे बसतात. बाहेरची रेघ म्हणजे तारा. यातून पुढे पट्ट्या आणि जाळ्या निघतात, पण पहिल्या वेळी एवढ्यावरच थांबा.

चूक होते ती पत्रा गोल करताना. शेवटचा तारा अर्धा उरतो आणि सांध्यावर पंगू नक्षी येते. म्हणून घेरापासून सुरुवात करा: १२ सेंटिमीटरचे आठ तारे, ९६ सेंटिमीटर घेर, व्यास आपोआप साडेतीस सेंटिमीटर. उंची तीन ओळींची, ३६ सेंटिमीटर. सांध्यासाठी एक सेंटिमीटर जास्त, आणि त्या पट्टीवर छिद्र नको.

पूर्ण आकाराची आखणी कागदावर काढून घ्या. मोबाईलवरचं चित्र दाखवून "असं पाहिजे" म्हणू नका.

कारागीर आणि त्याची जागा

संभाजीनगरात असाल तर गुलमंडी, कासारी बाजार या भागातल्या जुन्या भांड्यांच्या दुकानांत विचारा, अजून हातानं कोण ठोकतं ते त्यांना माहीत असतं. इतर गावांत तांबट आणि कासारांच्या आळीत जा. मोडीवर पितळ घेणाऱ्यांनाही पत्ता ठाऊक असतो. घागरी-हंडे करणाऱ्या माणसानं जाळीचं काम केलेलं नसेल, पण छिन्नी आणि पत्रा यांची ओळख त्याला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

माझं काम केलेल्या काकांकडे मी आखणी पसरली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खडूनं माझे निम्मे ठिपके खोडले. "ताई, इतकी भोकं पाडल्यावर चाळणीच झाली की. उजेड निस्ता सांडायलाय. आडवा पत्रा ठिवा, मग भोक दिसतंय." पुठ्ठ्याच्या दोन नमुन्यांवरून मी त्याच निष्कर्षाला येत होते, त्यांनी एका नजरेत गाठलं. पत्र्याचा साधारण पाचवा भाग उघडा, बाकी बंद, हे प्रमाण मी तेव्हापासून धरलं आहे.

पत्रा २४ गेजचा, म्हणजे ०.५६ मिलिमीटरचा चालतो. मोठ्या कंदिलाला २२ गेज, ०.७१ मिलिमीटर. वरच्या मापाचा पत्रा २४ गेजमध्ये साधारण १.६ ते १.७ किलो भरतो. वरचा घुमट, खालची कडी, दांडी धरून तीन किलोंचा अंदाज ठेवा. भाव त्या दिवशीचा विचारा आणि छाटाचं पितळ कुणाचं, ते आधीच बोलून घ्या. मजुरी वेगळी ठरवा, निम्मी आगाऊ द्या.

कामाचा क्रम असा. आखणीचा कागद खळीनं पत्र्यावर चिकटवायचा आणि पत्रा सपाट असतानाच छिद्रं पाडायची. पत्र्याखाली ओंडका किंवा शिशाचा ठोकळा. सुरुवात मधून, सरकायचं कडेकडे. कडेकडून आत आलात तर मध्ये फुगवटा अडकतो. ठोकून ठोकून पितळ कडक होतं आणि पत्रा वर उचलला जातो. काका त्याला "पत्रा चिडला" म्हणतात. मग ताव द्यायचा: मंद लाल होईपर्यंत तापवून निवू द्यायचा, लाकडी मोगरीनं सपाट करायचा आणि पुढे जायचं. मोठ्या पत्र्याला असे दोन-तीन ताव लागतात. सगळी छिद्रं झाल्यावर मागची कोर कानशीनं मारायची, मग नळावर गुंडाळून गोल करायचा आणि सांधा झाळायचा.

दोन गोष्टी मुद्दाम सांगून करून घ्या. एक, बल्ब बदलायला बिजागरीचं दार. घाईत राहून जातं आणि मग पहिला बल्ब उडाल्यावर पूर्ण कंदील उतरवावा लागतो. दुसरी जास्त महत्त्वाची: कंदिलाची आतली बाजू चकचकीत ठेवू नका, उष्णता सोसणारा काळा रंग द्या. आत चमक असेल तर उजेड आतल्या आत आपटत राहतो, सगळा कंदीलच एक मोठा दिवा बनतो आणि लहान ठिपक्यासाठी केलेला खटाटोप वाया जातो. काकांना हे पटेना. "आतनं काळं कोण करतंय?" म्हणाले. दोन्ही करून दाखवल्यावर काहीच न बोलता डबा उघडला.

काम चालू असताना फोटो काढा: हात, छिन्नी, अर्धा झालेला पत्रा. हाच तुमचा 'हाताने घडवलेला' असल्याचा पुरावा. कारागिराला विचारून त्याचं नाव पत्रकावर घाला.

बिदरी वापरायचा मोह अनेकांना होतो, बिदर उदगीरहून जवळ आणि संभाजीनगरातही काम चालतं म्हणून. बिदरी हे जस्ताचं ओतकाम आहे, ते छिन्नीनं जाळीदार होत नाही, तडकतं. कंदिलाखाली काळी बिदरी तबकडी ठेवा. काळ्यावरची चांदीची तार त्या उजेडात सुरेख दिसते.

वीज

पितळेच्या अंगात २३० व्होल्ट खेळवायचे असतील तर तीन तारांची केबल, आणि हिरवी-पिवळी तार स्क्रूनं थेट पत्र्याला. अर्थिंग नसलेल्या जागेत असा कंदील टांगूच नका. तार पत्र्यातून आत शिरते तिथं रबरी बूच घाला, नाहीतर छिद्राची कड महिन्या-दोन महिन्यांत आवरण कापते. होल्डर चिनी मातीचा. विजेच्या फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे का, ते संयोजकांना लेखी विचारा. मी १२ व्होल्टचा मार्ग घेते: ट्रान्सफॉर्मर बाहेर, हात पोचणार नाही असा, आणि कंदिलात फक्त बारा व्होल्ट. प्रदर्शनात मुलं हात लावतातच.

तीन किलोंचा कंदील जिप्समच्या फॉल्स सीलिंगला कधीही अडकवू नका. वरच्या स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून दांडी खाली आणा. गाळ्यात स्लॅब नसेल तर वर आडवा लोखंडी पाइप बांधा आणि कंदिलाच्या चौपट वजन टांगून रात्रभर ठेवून बघा.

भिंत, कापड, रंग

चकचकीत रंगावर नक्षी घसरते. भिंत मॅट हवी आणि फिकट: मातकट पांढरी, ताकासारखी. मराकेशकडे चुन्याचा गिलावा गोट्यानं घोटून त्यावर साबण चोळतात, त्याला तादेलाक्त म्हणतात. आपल्याकडेही जुन्या वाड्यांत चुना घोटत असत. बजेट असेल तर एक भिंत चुन्यात करा, पण घोटताना आरशासारखी चमक येण्याआधी थांबा.

हिमरू कापड मराठवाड्याचं आहे म्हणून ते पडद्याला लावतात आणि पस्तावतात. हिमरूवर स्वतःची भरगच्च नक्षी असते, तिच्यावर सावलीची नक्षी पडली की दोन्ही मरतात. हिमरू गादी-तक्क्याला घाला, उजेडाच्या खाली. टाइल्सची नक्षी हवी असेल तर फक्त कमरेच्या खाली, सावली वर.

अक्षरांबद्दल एक सूचना. जुन्या दिव्यांवर अरबी मजकूर असतो, कारण ते मशिदीसाठी होते. तुम्हाला वाचता येत नसलेला मजकूर कंदिलावर कोरून घेऊ नका. न्हाणीघराच्या देखाव्यात तर अजिबातच नाही.

कागद आणि फोटो

नकाशा १:५० मध्ये, सोबत एक उभा छेद ज्यात दिवा, पत्रा आणि भिंत यांची अंतरं आकड्यांत. हा छेद बहुतेक स्पर्धक देत नाहीत. त्यावरच माझी सगळी चर्चा झाली होती.

फोटोसाठी तिकाटणं लावा. व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर सोडलात तर कॅमेरा उबदार उजेड पांढरा करून टाकतो, तो हातानं ३००० च्या आसपास ठेवा. कॅमेऱ्याची संवेदनशीलता (ISO) कमी, शटर उघडं राहण्याचा वेळ जास्त. एक फोटो फक्त कंदिलाच्या उजेडात, दुसरा खोलीतला बाकी उजेड मंद ठेवून.

मांडणीचा दिवस

परीक्षक दुपारी येतात. हॉलची शटरं उघडी, शेजारच्या गाळ्यात शंभर वॅटचा पांढरा फोकस. यावर उपाय आधीच करावा लागतो: गाळ्याला वरून काळं कापड, तोंडाशी एक वळण, म्हणजे बाहेरचा उजेड सरळ आत येत नाही आणि आत शिरणाऱ्याचे डोळेही अंधाराला रुळतात. कापड आग न धरणारं घ्या, दिव्यापासून हातभर लांब. वीज जाणार हे गृहीत धरा. १२ व्होल्टचा एलईडी असेल तर बॅटरीवर थेट चालतो, माझा एकदा असाच चालला आणि अख्ख्या हॉलमध्ये तेवढीच भिंत उजळलेली होती.

सकाळी कंदिलावरची धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशनं काढा, ओल्या फडक्यानं नको, छिद्रांत पाणी बसतं. हाताळताना सुती मोजे. लिंबू-चिंच लावून घासलेलं पितळ दोन दिवसांत डागाळतं, तेव्हा चमक हवी असेल तर लॅकर आठवडाभर आधी. मला डागाळलेलंच आवडतं.

परीक्षकांचे प्रश्न ठरलेले असतात. पुसायचा कसा, बल्ब बदलायचा कसा, किती युनिट खातो. शिवाय हमखास: "या उजेडात माणूस वाचणार कसं?" याचं उत्तर गाळ्यातच दिसू द्या. खुर्चीशेजारी एक वेगळा वाचनदिवा ठेवा, त्याचा उजेड पुस्तकावर पडेल आणि नक्षीच्या भिंतीवर जाणार नाही असा वळवा, वेगळ्या बटणावर. कंदील मंद करायला डिमर. दोन्ही लावून, एकेक बंद करून दाखवा, बोलू नका.

उतरवताना कंदील निवू द्या, दार बांधा, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळा आणि आडवा ठेवू नका, गोलाई चेपते.

माझा तो दुसरा कंदील आता अंबाजोगाईला ओसरीत, लामणदिव्याच्या साखळीला आहे. संध्याकाळी लावला की पांढऱ्या भिंतीवर आठ-आठ टोकांचे तारे पसरतात. आईनं महिनाभर कौतुक केलं, मग एक दिवस फोन आला: "तुझ्या चांदण्या लई छान हायत, पण मेथी निवडायला दिसत नाही." तिनं खालच्या देवळीत छोटी ट्यूब बसवून घेतली आहे. बटण वेगळं आहे.